काल कुणाशी बोललात?

२ ऑक्टोबर

चष्मिष्ट,

आशीर्वाद घे आणि कान पुढे कर, ओढायचा आहे.

तुझ्या धंद्यातली एक बाई काल माझ्या दारात उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढं ते काचेचं यंत्र आणि काखेत ही एवढी मोठी छत्री. आभाळात ढगाचा पत्ता नाही, आणि हिची छत्री! मी तिचं नाव छत्रीवाली ठेवून टाकलं. म्हणाली, "आजोबा, वयस्कर माणसांचा दिवस कसा जातो याची पाहणी चालू आहे. त्यात तुमचं घर निवडलं गेलंय." मी म्हटलं, मी कुठे अर्ज केला होता? तर म्हणते, अर्ज करून कुणी येत नाही, चिठ्ठी टाकल्यासारखी घरं निघतात, त्यात तुमचं निघालं.

मी म्हटलं, बाई, वरच्या मजल्यावर जा. तिथली बेकरीवाली बोलायला लागली की भट्टीतला पाव करपला तरी थांबत नाही. तिला विचारा, तुमचं यंत्र भरून वाहील. तर ही मान हलवते. "नाही आजोबा, तुमच्याऐवजी दुसरं कुणी चालत नाही."

आता बोल! इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं ते कुणी, तर एका परक्या बाईने, छत्री घेऊन. मी दार लावून घेतलं.

बाकी मी मजेत. चष्म्याच्या दुकानाचं शटर पाडलं ते पाडलंच, पण पुढच्या खोलीतली तपासायची खुर्ची काही मी विकली नाही. दुपारी तिच्यातच पडून असतो. ऊन खिडकीशी आलं की काचांच्या पेटीवर पडतं, आणि भिंतीवर लहान लहान ठिपके चालायला लागतात. बघता बघता माझा डोळा लागतो. अर्धवट झोपेत कुणीतरी म्हणतं, "पहिली... नाही, दुसरी... परत पहिली दाखवा बरं." कोण ते कळत नाही, पण आवाज ओळखीचा असतो. मग शेजारचा शिंपी येतो, आमचा चहा होतो, गप्पा होतात. छत्रीवालीचं सांगितलं तर हसता हसता त्याच्या शर्टावर चहा सांडला.

तर मुद्दा असा, की तुझी त्या कचेरीत ओळख आहे. माझं नाव त्या यादीतून काढ. फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज डबीत बसून बोलल्यासारखा येतो.

तुझा,
मामा

८ ऑक्टोबर

मामा,

नमस्कार. कान पाठवलाय, हळू ओढ.

नाव काढता येणार नाही. तू माझ्या घरात राहत असतास तर नियमाने वगळला गेला असतास. भाची दुसऱ्या शहरात असली तर सूट नाही. आणि ओळख कसली लावतोस? मी दारोदार जाणाऱ्यांतली नाहीच. माझं टेबल तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी. लोकांची जी उत्तरं ठरलेल्या पर्यायांत बसत नाहीत, ती ‘इतर’ म्हणून लिहून माझ्याकडे येतात, नाव-पत्ता कापून. मी ती वाचायची आणि कुठल्या रकान्यात जातात ते ठरवायचं. सकाळी धुकं असतं, समोरची इमारत दिसत नाही, आणि माझ्यासमोर कुणीतरी म्हणत असतं, ‘दुपारी जुने बूट पॉलिश केले, घालायचे नव्हते.’ कोण असेल, कुठला असेल? डबा खाताना मला वाटत राहतं, की हे सगळे याच खोलीत माझ्याबरोबर बसलेत.

आता तुझ्या बेकरीवालीचं. ज्यांना बोलायला आवडतं त्यांनाच विचारलं, तर सगळं शहर बोलकं आहे असंच निघेल ना रे? म्हणून दाराआड बसणारे आम्हाला हवेत. हल्ली दारं फार लागतात. लोकांना वाटतं काहीतरी विकायला आलेत. आणि तसे लबाड फिरतातही, म्हणून सांगते, ओळखपत्र बघ, त्यावरच्या कचेरीच्या नंबरावर विचारून घे. खरी पाहणीवाली तुला काही विकणार नाही, बँकेतलं काही विचारणार नाही, एखाद्या प्रश्नाचं उत्तर नको म्हणालास तर पुढे जाईल. तुझं नाव उत्तरांपासून वेगळं होतं. मी सख्खी भाची असून मलासुद्धा कळणार नाही की तू काय बोललास.

यातून निघेल त्यावरून कुठल्या भागात दुपारच्या खोल्या उघडायच्या ते ठरणार आहे. बसायला, वाचायला, चार माणसांत असायला. तुमच्या भागातून उत्तरं कमी आली तर नकाशावर तो भाग कोरा राहतो. आमच्या भिंतीवर तो नकाशा आहे. कोरा भाग पाहिला की मला उगाच वाटतं, तिथे कुणी राहतच नाही.

आणि तू मला हे विचारावंस? तू! जन्मभर खुर्चीत बसवून लोकांना काय विचारत आलास? ही काच बरी की ती? डोळ्यात बॅटरी मारून किती वेळ बघायचास, तरी शेवटी विचारायचास त्यालाच. कारण त्याला काय दिसतं ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक?

घाबरतोस कशाला? ती फक्त कालचा दिवस विचारते. कधी उठलात, कुठे गेलात, कुणाशी बोललात. तुझा दिवस तर किती भरलेला! सांग की तुझा शिंपी आणि तुझा चहा. तुझ्यामुळे आमचा आकडा जरा हसरा होईल.

शिंपीकाकांना नमस्कार.

तुझी,
चष्मिष्ट

१५ ऑक्टोबर

चष्मिष्ट,

मी घाबरत नाही. घाबरायला काय झालंय?

ती परत आली होती, वेळ बदलून. एकदा सकाळी आली, एकदा संध्याकाळी. मी पडद्याआडून पाहिली. दार वाजवते, थांबते, एक पाऊल मागे सरते, परत वाजवते. चिकाटी आहे, नाही म्हणत नाही. रस्त्यावरचं कुत्रं अंगावर आलं तेव्हा तिने छत्री फटकन उघडली आणि ते शेपूट घालून पळालं. छत्रीचं कोडं तेवढं सुटलं.

पण मला दिसलं ते वेगळंच. ती ते यंत्र हातभर लांब धरून वाचते, हनुवटी वर करून. तिचा चष्मा चुकलाय. शिवाय उजवा दांडा ढिला, त्यामुळे एक काच गालावर उतरलेली. दिवसभर लोकांना प्रश्न विचारत हिंडते आणि हिला कुणी विचारलं नाही, बाई गं, तुला नीट दिसतं का! माझे हात शिवशिवले. पण दार नाही उघडलं.

मी तिची चिठ्ठी दाराखालून घेतली आहे. विचार करतोय. एक सहज विचारतो. काल म्हणजे नेमका कुठला काल? ती येईल त्याच्या आदला दिवस, का तिच्या मनात येईल तो? म्हणजे गुरुवारी आली तर बुधवार, हे पक्कं का? सहज विचारतोय हं.

शिंपी ठीक आहे. तुझा नमस्कार पोचवला. तुझ्या नावाने एक बटण लावून देतो म्हणाला.

काल दुपारी खुर्चीत झोपलो तर समोरच्या तक्त्यावरची अक्षरं खाली उतरली आणि बाकावर ओळीने बसली. सगळ्यात मोठं अक्षर दाराशी, बारकी बारकी मागे. मी एकेकाला विचारत होतो, तुम्हाला काय दिसतं? ती नुसती माझ्याकडे बघत होती. जागा झालो तेव्हा ऊन भिंतीवरून गेलेलं. जरा वेळ कळेना की दुकान बंद आहे.

मामा

१९ ऑक्टोबर

मामा,

हो, पक्का आदला दिवस. गुरुवारी आली तर बुधवार. (हे मी सांगायला नको होतं की काय? साहेबीण म्हणतात, उत्तर देणाऱ्याला तयारी करू देऊ नये. पण तू कसली तयारी करणार!)

दार उघड, मामा. माझ्यासाठी नको. ‘तुमच्याऐवजी दुसरं कुणी चालत नाही’ असं कुणी म्हटलं तर आपण निदान आत तरी बोलवावं.

इथे धुकं वाढलंय. आज एकाने लिहिलं, ‘काल काही घडलं नाही, पण दिवस छान होता.’ मी ते वाचून कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसले. साहेबीण म्हणाल्या, झोपलीस का?

चष्मिष्ट

२८ ऑक्टोबर

चष्मिष्ट,

हे पत्र बसून वाच. डबा बाजूला ठेव.

मी छत्रीवालीला गुरुवारची वेळ दिली आणि बुधवारी उठून कामाला लागलो. दाढी केली. चांगला कोट काढला. जिन्यापाशी बेकरीवाली भेटली, तिला म्हटलं, आज पाव फार छान फुगलाय. ती इतकी गोंधळली की तिने मला पाव फुकट दिला. मग बस धरली. कंडक्टरला हवापाणी विचारलं. बागेत माळ्याशी बोललो, तो म्हणाला या वर्षी गुलाबांना कीड आहे. वाचनालयात गेलो, तिथल्या मुलीने विचारलं, आजोबा, किती दिवसांनी? एकेकाशी बोललो की मनात म्हणायचो, हा एक झाला. हा दुसरा. संध्याकाळी घरी आलो तेव्हा पाय दुखत होते आणि माझ्याकडे ठेवणीतला एक बुधवार होता. रस्त्याने एकटाच हसत आलो, खोटं कशाला सांगू.

गुरुवारी सकाळपासून कोट घालून बसलो. दोन कप मांडले. बाहेर पाऊल वाजलं की उठायचो. ऊन आलं, काचांवर पडलं, ठिपके निघाले, आपलं आपलं भिंतीवरून चालत गेले. चहा गार झाला, परत केला, परत गार झाला. खुर्चीत पेंग आली आणि मी दचकून जागा होत राहिलो, झोपेत ती येऊन गेली तर? अंधार पडला. ती आलीच नाही.

आली शुक्रवारी. नाक लाल, डोळे पाणावलेले. ताप होता म्हणाली, काल उठवेना, कळवायला तुमचा फोन लागेना. मी म्हटलं, असू दे, बसा. तिने यंत्र उघडलं, हातभर लांब धरलं, आणि विचारलं, "काल, म्हणजे गुरुवारी, तुम्ही किती वाजता उठलात?"

गुरुवारी! अगं, माझा बुधवार खिशात तसाच राहिला.

मनात आलं, उचलावा बुधवार आणि ठेवावा गुरुवारावर. कोण बघतंय? माळी तोच, कंडक्टर तोच. तोंड उघडलं होतं मी. आणि तेवढ्यात मला समोरच्या बाकावर तू दिसलीस.

आठवतं? एवढीशी होतीस. तुला चष्मा नको होता, पोरं चिडवतील म्हणून. बाकावर बसून दुसऱ्यांची तपासणी ऐकत ऐकत सगळा तक्ता पाठ केलास. खुर्चीत चढलीस आणि धडाधड म्हणून दाखवलास, शेवटच्या ओळीसकट. तुझी आई कौतुकाने बघत होती. आता ती शेवटची ओळ मला स्वतःला तिथून दिसत नव्हती! मी तक्ता उलटा केला. मागे वेगळी अक्षरं होती. तू ओठ काढलास आणि म्हणालीस, "मामा, मला झाडाला पानं दिसत नाहीत. नुसतं हिरवं दिसतं." ते सांगितलंस म्हणून तुला पानं मिळाली. पाठ केलेल्या तक्त्यावर मी चष्मा दिला असता तर तू अजून हिरव्यातच चाचपडत असतीस.

तर मी तोंड मिटलं आणि परत उघडलं.

"काल कुणाशी बोललात?"

"कुणाशी नाही."

"रस्त्यात, दुकानात, फोनवर?"

"कुणाशी नाही."

तिने अरेरे केलं नाही. चेहरा पाडला नाही. पहिला प्रश्न ज्या आवाजात विचारला त्याच आवाजात पुढचा विचारला. मी रुग्णांना असंच विचारायचो. मला त्याचं फार बरं वाटलं, कसं सांगू तुला.

"मग दिवसभर मुख्य काम काय केलंत?"

"वाट पाहिली."

ती पर्याय शोधायला लागली. "विश्रांती घालू का?"

"छे. विश्रांती कसली? दमलो मी."

"मग ‘इतर’मध्ये लिहिते. कुणाची वाट पाहिलीत?"

"तुमची."

तिने मान वर केली नाही. लिहीत राहिली. कान तेवढे लाल झाले.

मुलाखत संपल्यावर मी म्हटलं, बाई, तुमचा चष्मा चुकलाय, खुर्चीत बसा. तर म्हणते, उत्तर देणाऱ्यांकडून काही घेता येत नाही, नियम आहे. मी म्हटलं, नियमात स्क्रू येतो का? ती यंत्रात नियम शोधायला लागली. तेवढ्यात मी दांड्याचा स्क्रू पिळून दिला.

आता शिंप्याचं. शिंपी मागच्या वर्षीच गेला. म्हणजे तसा गेला नाही गं, मुलीकडे राहायला गेला! त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. जाताना म्हणाला, येत राहीन. एवढ्या लांबून कोण येतंय? मी पत्रात त्याचा चहा चालू ठेवला. तुला काळजी नको म्हणून, असं म्हणणार होतो. पण खरं म्हणजे मला त्याची सोबत होत होती. तुला लिहायला बसलो की तो येऊन बसायचा.

म्हणून तर तू लिहिलंस, सांग की तुझा शिंपी, तेव्हा मी चार दिवस उत्तराला बसू शकलो नाही.

तुझ्या आकड्याला काही मी हसरा केला नाही. रागावू नकोस.

मामा

२ नोव्हेंबर

मामा,

मी रागवू? मला माझाच राग आलाय. तुझ्या पत्रात शिंपीकाका प्रत्येक वेळी हसायचे आणि मी ते वाचून सुखाने झोपायचे. दिवसभर अनोळखी माणसांच्या एकेका शब्दावर अडून बसते मी, आणि तुझं पत्र वाचताना माझा चष्मा कुठे होता? ‘हसरा आकडा’! मी असं लिहिलं. खरंच लिहिलं. शी.

तू मला तिथे बसून खरं सांगितलंस. मला नाही, तिला. पण तुझ्या मनात मी बाकावर होते, म्हणून मी ते माझं धरते.

आकडा हसरा व्हायला नको, मामा. खरा व्हायला हवा. तू तक्ता उलटा केला होतास ना, तसंच काहीसं आहे हे काम.

आता तुला हुकूम. शिंपीकाकांना पत्र लिही. त्यांना सांग की ते गेलं वर्षभर तुझ्याकडे रोज चहा पितायत.

इथे उत्तरांचे ढीग यायला लागलेत. सुट्टी मिळणार नाही. जानेवारीपर्यंत पत्र उशिरा येईल. आईला काही सांगितलं नाही. तू सांग.

तुझी,
चष्मिष्ट

२३ जानेवारी

मामा,

तुमच्या शहराचे ‘इतर’ माझ्या टेबलावर आले.

मी तुझं शोधलं नाही. खोटं कशाला, शोधावंसं वाटलं होतं. ‘तुमची वाट पाहिली’, एवढं दिसलं की मला कळणार होतं, आणि कळायला नको होतं, कारण तुला तसं वचन दिलेलं आहे. डोळे मिटून बसले जरा. मग म्हटलं, काम आहे, वाचायचं तर आहेच.

वाचलं. ‘पोस्टमनची वाट पाहिली.’ ‘मुलाच्या फोनची वाट पाहिली.’ ‘संध्याकाळ व्हायची वाट पाहिली.’ ‘कुणाची ते माहीत नाही, पण वाट पाहत होते.’ आणि मग, मामा, ‘पाहणीवाल्या बाईची वाट पाहिली.’ मी म्हटलं, हाच! खाली दुसरा निघाला. ‘तुम्ही येणार म्हणून थांबलो.’ त्याखाली अजून एक. ‘ताई येणार म्हणून चादर बदलली.’ ढीग संपेपर्यंत निघत राहिले. आमच्या बायका वेळ देऊन येतात ना, आणि आदल्या दिवशी घराघरांतून लोक नुसते बसलेले असतात. आम्हाला हे माहीतच नव्हतं.

त्यातला तू कुठला ते मला ठरवता आलं नाही. सगळेच तू वाटत होतास. मी पान पालटत होते आणि प्रत्येक पानावर कोट घालून, दोन कप मांडून, माझा मामा बसला होता. खिडकीबाहेर नुसतं पांढरं धुकं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

साहेबीण म्हणाल्या, हे सगळं ‘विश्रांती’त टाक, मागे तसंच टाकायचो. मी म्हटलं, नाही. विश्रांतीने माणूस ताजा होतो, वाट पाहून दमतो. त्या म्हणाल्या, हे तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, एका चष्मेवाल्याने, पण ते घरचं आहे, पाहणीतलं नाही. पाहणीतलं दाखवते, आणि गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला. मध्येच उठून खिडकी बंद केली, थंडी वाजते म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, नवा रकाना उघडायचा.

अहवालात आता एक ओळ वाढली आहे. ‘वाट पाहणे.’ छापून आला की पाठवते.

तू दार उघडलं नसतंस तर ती ओळ आली नसती असं मी म्हणणार नाही. बाकीचे होतेच. पण ते सगळे असंच म्हणू शकले असते, माझ्या एकट्याने काय होतंय? आणि मग नकाशा कोरा राहिला असता.

तुझी,
चष्मिष्ट

११ मार्च

चष्मिष्ट,

अहवाल पोचला. भिंग घेऊन वाचला, तुमचं छापणं माझ्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीपेक्षा बारीक. ‘वाट पाहणे’ सापडलं. आमच्या भागात शंभरातले एकतीस! मी परत परत वाचलं. त्या एकतिसांत मी आहे, हे मला सोडून कुणालाच माहीत नाही, आणि तरी मला वाटलं की कुणीतरी मला बाकावर सरकून जागा दिली.

मग दुपारी खुर्चीत पडलो, पण झोप येईना. खिडकीतून समोरच्या चाळीच्या खिडक्या दिसतात. पडदे, कुंड्या, वाळत घातलेले मोजे. आजवर रोज बघत आलो. त्या दिवशी प्रत्येक पडद्याआड दोन कप दिसायला लागले.

नगरपालिका खोल्या उघडायच्या तेव्हा उघडेल. आमचा भाग यादीत आहे म्हणतात. तोवर काय, मला खोली आहे. दुसऱ्या दिवशी शटर वर केलं. इतकं गंजलेलं की बेकरीवालीच्या दोन माणसांना बोलवावं लागलं. पुठ्ठ्यावर लिहून लावलं: ‘डोळे तपासून मिळणार नाहीत. बसायला मिळेल.’

पहिले दोन दिवस एक मांजर येऊन बसलं. तिसऱ्या दिवशी बेकरीवालीने तिच्या सासऱ्यांना खाली आणून सोडलं. त्यांना ऐकू येत नाही आणि मला बारीक दिसत नाही, आमचं छान जमतं. मग समोरच्या चाळीतल्या एक बाई आल्या, निवृत्त नर्स. म्हणाल्या, रोज खिडकीतून तुमची खुर्ची बघते, तुम्ही पडद्यामागे आहात असं वाटायचं. माळी गुलाबाच्या किडीवर औषध विचारायला आला, जसं काही मला कळतं. दुपारी ऊन आलं की सगळे मिळून भिंतीवरचे ठिपके बघतो. कुणी फार बोलत नाही. सासरे तर घोरतात.

छत्रीवालीसुद्धा आली. तिचं या भागातलं काम संपलं, मी आता तिचा कुणी नाही, म्हणून खुर्चीत बसली. मी जुनी फ्रेम तिच्या नाकावर चढवली, काचा घातल्या. "पहिली? की दुसरी?" ती विचार करून म्हणाली, "दुसरी." नंबर चांगलाच चुकलेला होता. चिठ्ठी लिहून दिली, नव्या दुकानात जा म्हटलं. जाताना दारात थांबून समोरचं झाड बघत होती, माझ्या काचा काढून दिल्यावर. पुढच्या आठवड्यात नवा चष्मा लावून आली, आणि आल्या आल्या त्या झाडाशी गेली.

शिंप्याचं कार्ड आलं. एकच ओळ: ‘चहा गार झाला असेल, पुन्हा टाक, येतोय.’ बघू या. त्याचा शब्द म्हणजे त्याने कोट द्यायची सांगितलेली तारीख.

तुझ्या आईलाही सगळं लिहिलं. तिने फोन करून अर्धा तास झापलं. डबीत बसून झापल्यासारखं वाटलं, पण बरं वाटलं.

आता तुझी पाळी. तुझी सगळी पत्रं काढून परत वाचली, जरा लांब धरून. खिडकी आहे, धुकं आहे, डबा आहे, साहेबीण आहे. नाव कापलेली माणसं आहेत. अगं पोरी, ज्यांचं नाव तुला माहीत आहे अशी माणसं कुठायत? एवढ्या पत्रांत एक मैत्रीण नाही. कागदावरचे लोक धरायचे नाहीत हं. तर सांग, आणि पाठ केलेला तक्ता नको.

काल कुणाशी बोललीस?

मामा

१५ मार्च

मामा,

कुणाशी नाही.

शनिवारी दुपारी पोचते. वाट पाहा.

चष्मिष्ट